कुलूप दिसलं

आपा, आज कुलूप दिसलं.

सकाळी आपल्या शाळेतल्या कमलीनं पाण्याच्या टांक्यावरची फळी सारून आत पाहिलं आणि तिथूनच सांगितलं, "बाई, कुलूप दिसलं." पोरं गिलास घेऊन रांगेत उभी होती. कुलूप दिसलं म्हणजे पाणी आतल्या पायरीपर्यंत उतरलं आणि आजपासून अर्धाच गिलास, हे आता बालवाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते दर वर्षी तू सांगायचीस, कमरेवर हात ठेवून, तुझ्या त्या अर्ध्या मराठीत. आज पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

तुला जाऊन बावीस दिवस झाले.

आज मी पोरांना काय सांगितलं ते लिहिते. पण त्याच्या आधीचं बरंच लिहायचं आहे. आपल्या दोघींत एक भांडण अर्धं राहिलं होतं. त्यानंतर पाच उन्हाळे आपण एकत्र पाणी काढलं, एका चुलीवर खिचडी शिजवली, पण त्या भांडणाबद्दल तू कधी बोलली नाहीस आणि मीही नाही. गुरुजींनी मला एक वही दिली आहे, पुढची पानं भरलेली आणि मागची कोरी. तीत लिहिते. चौथीनंतर एवढं लांब मी काही लिहिलं नाही. कोणाला दाखवायचंही नाही.

तू पहिल्यांदा भेटलीस ती माझ्या हातातली बादली ओढूनच. खाणीवर दगड फोडणाऱ्या लोकांच्या झोपड्या आमच्या गुड्याच्या वस्तीखाली पडल्या, त्याच सालची गोष्ट. मी शाळेच्या मागे पोरांच्या खिचडीचं पातेलं, तो मोठा गंज, धूत बसले होते. बादली उचलली आणि ओतणार, तेवढ्यात मागून एक हात आला. वळून पाहिलं तर लाल ओढणी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि पायात पुरुषाच्या चपला.

"ये क्या कर रही है तू?"

"गंज धुऊन राह्यली."

"धो रही है कि नहला रही है?"

तू चुलीतली मूठभर राख घेतलीस, गंज कोरडाच घासलास, चिंधीनं पुसलास आणि एका ओंजळीनं विसळलास. ते ओंजळभर पाणीही कुंपणाजवळच्या पपईच्या रोपाला घातलंस. मग गंज माझ्यापुढे धरून म्हणालीस, "ले, अब इसमें खा." मी इतकी घाबरले होते की खरंच उरलेली खिचडी आणायला उठले. तेव्हा तू हसलीस. तुझे पुढचे दोन दात तेव्हाही नव्हते.

त्या दिवसापासून तू रोज येऊ लागलीस. तुला कोणी बोलावलं नव्हतं. तुझे घरधनी युसुफभाई खाणीवर गेले की तू शाळेत. गुरुजी एकदा म्हणाले, "बाई, तुमचं इथी काही पोरगं नाई, मंग काऊन येता?" तू म्हणालीस, "पानी देखने आती हूं, मास्टरजी. घर में जी नहीं लगता."

आमच्या डोंगरात पाणी पाहायला यायचं म्हणजे नवलच. पाऊस कमी नाही आमच्याकडे. चार महिने जंगल चिंब असतं, भिंतीला हात लावला तर ओल लागते. पण डोंगर चुनखडीचा. वरून पडतं आणि दगडाच्या भेगांतून निघून जातं. होळी झाली की विहिरीत चिखल. मग बाया नाल्यात झिरे खणून बसतात, वाटीवाटीनं पाण्याचे गुंड भरतात आणि पोरी त्यांच्यासोबत. त्या दिवसांत शाळेत गुरुजी उरायचे, भिंती उरायच्या आणि मी उरायची. कमलीची मोठी बहीण अशीच तिसरीतून सुटली, ती परत शाळेत आली नाही.

तुझ्या गावाला वर्षातून चारदा पाऊस पडला तरी लोक देवाचे उपकार मानतात, हे तू आम्हाला झिऱ्यावर सांगितलंस. खाटेवर बसून अंघोळ करायची, खाटेखाली परात ठेवायची, परातीतलं पाणी बकरीला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारची गिरजा मला म्हणाली, पण तुला ऐकू जाईल अशी, "वाळवंटातली बाई आमाले जंगलात पाणी शिकवून राह्यली. बकरीसोबत अंघोळ करा म्हन्ते."

तुला राग आला नाही. तू वाटीनं पाणी काढतच राहिलीस आणि म्हणालीस, "तुम्हारे यहां पानी खुद चल के आता है. कोई उसको बैठ बोलता नहीं. मेहमान दरवाजे से लौट जाता है."

दुसऱ्या दिवशी गिरजानं तुला झिऱ्यावर आपल्या आधी बसू दिलं.

गुरुजींनी तुला प्रार्थनेनंतरचा अर्धा तास दिला तो असाच. "घ्या शिकवून," म्हणाले, "नाईतरी पोट्टे माझं कुठी आयकतात." तो पहिला दिवस मला आठवला की अजून हसू येतं. काल स्वयंपाक करताना एकटीच हसले तर माय म्हणाली, "का झालं वं?"

तू अंगणात हातभर खड्डा खणलास, आतून चिकणमाती लिंपलीस. पोरांना सांगितलंस की घरून एकेक गिलास पाणी आणा. चैत्रातलं पाणी ते, झिऱ्यावरचं, आयांनी किती शिव्या देऊन दिलं असेल. पोरं खड्ड्याभोवती गोल उभी राहिली, गिलास दोन्ही हातांनी धरून. तुमच्याकडे जमिनीतल्या पाण्याच्या टाक्याला टांका म्हणतात. तू खड्ड्याकडे बोट केलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "बच्चो, ये टांका. पानी, टांका. बोलो, पानी, टांका."

पोरांनी ऐकलं, पाणी टाका. बाईंनी सांगितलं टाका, तर टाका. तीस गिलास एकदम उपडे झाले. काही खड्ड्याबाहेर, काही तुझ्या पायावर, आणि एकाचं तर गुरुजींच्या धोतरावर. तू ओल्या पायांनी उभी. "या अल्ला," एवढंच म्हणालीस आणि खाली बसलीस.

मी हसले, आपा. मी शाळेत कधी हसत नव्हते, बोलतही नव्हते. साहेब पाहणीला आले की मी चुलीमागे जाऊन बसायची. त्या दिवशी माझं हसू आवरेना. तू वर पाहिलंस. "हंसती है? तू बता इनको. मेरी जबान तो इन्होंने गिरा दी."

मी नाही म्हटलं. तू माझा हात धरून मला मध्ये उभं केलंस. पोरांकडे पाहून मी पहिल्यांदा बोलले ते हे: "टाका म्हंजे फेका नाई रे. टांका म्हंजे टाकं. पाणी बसवाची जागा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मग तू हिंदीत सांगायचीस आणि मी मराठीत, असं रोजचंच झालं. माझ्या मागे तू होतीस म्हणून मी पुढे उभी राहिले. या सहा वर्षांत किती पोरांना मी पाटी ओल्या फडक्यानं पुसायला शिकवली असेल, हात धुवायचे ते झाडाच्या बुडाशी, गिलासात उरलेलं घोटभर पाणी फेकायचं नाही. पपईची रांग झाली कुंपणाला. तिची पहिली पपई पिकली तेव्हा तू चाळीस फोडी केल्यास आणि मला बियांकडची दिलीस. "बीज तू रख," म्हणालीस.

टांका बांधला तो पुढच्या हिवाळ्यात. युसुफभाई सुट्टीच्या दिवशी यायचे, सोबत खाणीवरचे दोघं आणि पोरांचे बाप. शाळेमागच्या खडकात पुरुषभर खोल खोदला. एका बाजूला उतरायला पायरी ठेवली. भेगा बुजवायला चुना हवा होता आणि चुन्याला आमच्याकडे काय तोटा. ज्या दगडातून पाणी पळत होतं, तोच भाजून, भिजवून, मळून तू भिंतीला थापलास. खोबणीत हात घालून घालून तुझ्या बोटांची सालं निघाली. वरचा खडकाचा उतार तू पोरांकडून झाडून घेतलास. "ये आगोर है," म्हणालीस, "पानी के आने का रस्ता. इसपे चप्पल नहीं." अजून कोणी आगोरावर चपलेनं जात नाही. मागच्या साली साहेब बूट घालून चढले तर पहिलीतल्या पोरीनं त्यांना हात धरून खाली आणलं.

पहिल्या पावसाळ्यात टांका भरला. वरचं पाणी कसं काळं आणि गार दिसायचं. तू फळी बसवलीस आणि नियम सांगितलास. विहिरीत चिखल दिसेपर्यंत टांक्याला हात लावायचा नाही.

मग माघात तू गडचांदूरच्या बाजारातून कुलूप आणलंस.

पितळी होतं, मुठीएवढं. युसुफभाईंनी फळीला कडी-कोयंडा ठोकला. गुरुजी म्हणाले बरं केलं. तू मला चावी दाखवलीस, लेकराला खाऊ दाखवावा तशी. आणि मी म्हटलं, "कुलूप नको."

"क्यों?"

मी फळीवरचा चुना नखानं खरवडू लागले.

"ढोर मुंह डालेगा. कोई घड़ा भर के ले जाएगा. बच्चे क्या पिएंगे, तेरा ये मौन?"

मी पुन्हा म्हटलं, "पाण्याले कुलूप नको, आपा."

"अरे पर क्यों? बोल ना."

गुरुजी हसत म्हणाले, "शेवंताबाई मिठाची गुळणी धरून बसल्या. आता त्या बोलत नाईत." तू गुरुजींच्या देखत म्हणालीस, "इसको समझाना पत्थर को समझाना है." आणि कुलूप लावलंस.

मी चुलीवरचा गंज तसाच ठेवून घरी गेले. तीन दिवस आले नाही. नोकरी जाईल असं गुरुजींनी सांगून पाठवलं, तरी आले नाही. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. ते चार लोकांत तोंडातून निघत नव्हतं. तुला एकटीला सांगितलं असतं, पण तू तरी आमच्यातली कुठे होतीस, असं तेव्हा वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

चौथ्या दिवशी तू आमच्या घरी आलीस. मी आत भाकरी थापत होते, बाहेर आले नाही. माय ओसरीवर होती. तिनं तुला पाट टाकून बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. तू दोन घोट पिऊन तांब्या तिच्यापुढे केलास. "अम्मा, आप भी." दुपारचं ऊन होतं, माय तहानलेली होतीच. तिनं तांब्या तुझ्याच हातात राहू दिला, खाली वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. कोपरं बाहेर, मान खाली. मायला घरातही असंच पिताना मी लहानपणापासून पाहत आले. गिलास असला तरी ती ओंजळीत ओतून पिते.

तुला कळेना. तरी तू वरून धार धरलीस. तिचं पिऊन झाल्यावर विचारलंस, "अम्मा, लोटे से क्यों नहीं पीतीं?"

माय हसली. "हाताले सवय हाय, माय. आमाले वरूनच भेटे. विहिरीले हात नोता लावू देत. कोनी पाटलाच्या घरची बाई आली का ते वरून ओते. कधी ओते, कधी नाई ओते. उन्हात बसून राहा लागे." आणि मग, जशी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं, "आता तसं नाई. आता आमी बुद्धाचे झालो. पन हात आयकत नाईत."

आतून मला तुझा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. तू बराच वेळ तांब्या हातात धरून बसलीस. मग म्हणालीस, "अम्मा, और पिओ," आणि तिनं पुन्हा ओंजळ धरली.

माझ्याशी न बोलता तू गेलीस. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर फळीला कडी होती, कोयंडा होता आणि कुलूप नव्हतं. तू खिचडीला फोडणी देत होतीस. "नमक कितना डालूं?" एवढंच विचारलंस.

मला वाटलं तू कुलूप बाजारात परत दिलंस. ते मिळालं वैशाखात, पाणी उतरल्यावर, टांक्यातल्या पायरीवर. कमलीच पहिल्यांदा ओरडली होती, "आपा, पाण्यात कुलूप." तू आत वाकून पाहिलंस, जसं काही तुला ठाऊकच नव्हतं. "अच्छा है," म्हणालीस, "रहने दो वहीं. ये दिख जाए तो समझो आधा गिलास." दर वर्षी टांका धुताना तू ते बाहेर काढायचीस, चिंचेनं घासून लख्ख करायचीस आणि परत तिथेच ठेवायचीस. पोरं म्हणायची, आपाचं कुलूप पाण्याला राखतं. मी काही विचारलं नाही. त्या साली आणि त्यानंतर एकाही साली उन्हाळ्यात आमची पोरं झिऱ्यावर गेली नाहीत. गिरजाची पोरगी सातवी झाली, आपा. तुला सांगितलंच होतं, पुन्हा सांगते.

एका गोष्टीचा मात्र मला राग होता. टांका उघडला की तू दुपारभर त्याच्याजवळ बसायचीस. बालवाडी सुटली, गुरुजी गेले, खडक तापून लाल झाला, तरी तू फळीशेजारी ओढणी डोक्यावर घेऊन बसलेली. मला वाटायचं, कुलूप काढलं पण भरवसा नाही आमच्यावर. चोरी होईल म्हणून राखण करते. एकदा मी विचारलंच, "काऊन बसून राह्यली उन्हात?"

तू म्हणालीस, "हवा खाऊन राह्यली." आमच्या बोलीत, माझी नक्कल करून. मी हसले नाही. रागानं घरी गेले.

तुझी पत्रं मी वाचायची. तुझ्या भावाकडून वर्षा दोन वर्षांनी एखादं यायचं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मी अक्षरं लावत लावत वाचायची आणि तू चुलीपुढे बसून ऐकायचीस. एका पत्रात लिहिलं होतं, छोटी वाले टांके पर अब पक्का पत्थर लगवा दिया है. मी वाचलं, मला अर्थ कळला नाही. तू म्हणालीस, "फिर से पढ़." मी पुन्हा वाचलं. तू पत्र घेतलंस, चार घड्या केल्यास आणि ओढणीच्या टोकाला बांधलंस, जिथे ती चावी बांधलेली असायची. त्या दिवशी खिचडी करपली. मी तुला छोटी कोण ते विचारलं नाही. मी विचारत नाही, हा माझा स्वभाव, आणि सांगायचं नाही हा तुझा. म्हणूनच आपलं जमलं असेल.

तुझा खोकला मागच्या दिवाळीपासून वाढला. युसुफभाई तुला खाणीवर दगड फोडायला पाठवत नव्हते, पण झोपडीपुढे खडी फोडायला तू बसायचीसच. गडचांदूरच्या दवाखान्यात नेऊ म्हटलं तर तू म्हणालीस, टांका उघडल्यावर बघू. टांका उघडला तेव्हा तू पांढरी पडली होतीस, तरी पहिला गिलास तूच भरलास. चैत्राच्या शेवटी तू गेलीस.

त्या दिवशी तुला न्हाऊ घालायला गडचांदूरहून तुमच्या बाया आल्या. पाणी हवं होतं. मी टांक्याकडे निघाले तर युसुफभाईंनी हात आडवा केला. "वहां का मत लाना, शेवंता. वो नाराज होगी." मग मी झिऱ्यावर गेले. गिरजा आधीच येऊन बसली होती. वाटीवाटीनं दोन गुंड भरले. आम्हा दोघींना ऊन लागलं, पण पाणी स्वच्छ आणलं. मी दाराबाहेर उभी होते. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मी मनात म्हणत होते, बायांनो, हळू, हिला एवढं आवडत नाही. ते पाणी त्यांनी कडुनिंबाखाली सोडलं, जिथे कोणाचा पाय पडत नाही. तेवढं पाहून मला बरं वाटलं.

युसुफभाई परवा आले. ओसरीवर बसले, मायनं पाणी दिलं. त्यांनी खिशातून चावी काढून पाटावर ठेवली. "उसने बोला था, शेवंता को देना."

मी म्हटलं, "भाऊ, कुलूप त पाण्यात हाय. मी चावी घेऊन काय करू?"

ते म्हणाले, "मालूम नहीं. बोली, वो समझेगी."

मला समजलं नाही, तसं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी छोटीचं सांगितलं. तुझी बहीण. पाच वर्षांची. टांक्यावर ताला असायचा आणि चावी तुझ्याकडे, कारण घरात तू मोठी. एका दुपारी पाणी काढून तू ताला लावायला विसरलीस. युसुफभाईंनी एवढंच सांगितलं. तुमचं लग्न झालं त्या रात्री तू त्यांना हे सांगितलं होतंस, त्यानंतर कधी नाही.

आपा, मी मायकडे पाहिलं. ती तांब्या घेऊन उभी होती. माझ्या मनात तुझ्या पाठीचं चित्र आलं, ओसरीवरची, तांब्या धरून बसलेली. तू तिथे किती वेळ बसली होतीस. मला वाटलं होतं तू मायचा विचार करतेस. तू छोटीचाही करत असशील. तिथून उठून तू कुलूप काढलंस. आणि कुलूप नाही म्हणून पाच उन्हाळे त्याच्या जागी स्वतः बसलीस, टळटळीत उन्हात, आमची पोरं पाण्यात पडू नयेत म्हणून. आणि मी रागानं घरी जायची.

तुला मी एकदा तरी सांगायला हवं होतं की कुलूप का नको. तू विचारलं होतंस, सरळ, दोनदा. मायनं सांगितलं ते तिचं. माझं मी सांगितलं नाही. तू तुझं सांगितलं असतंस तर कदाचित मीच म्हटलं असतं, लाव कुलूप. म्हटलं असतं का, ते आज सांगता येत नाही. हे भांडण मी तुझ्याशी अजून भांडते. लहान पोरांच्या शाळेत उघडा टांका बरा नाही, हे तुझं खरं. पाण्यावर कोणाची चावी नको, हे माझं खरं. दोन्ही खरी असली की काय करायचं, ते तू करून गेलीस.

तर आज सकाळी. पोरं माझ्याकडे पाहत होती. मी पुढे झाले. इतकी वर्षं मी बोलत आले, पण ते तुझ्या हिंदीला मराठी करायची. आज माझ्या आधी बोलणारं कोणी नव्हतं. मी नुसती उभी राहिले. तेवढ्यात कमली हळूच म्हणाली, "बाई, पानी टाका म्हना."

पोरं हसली. मोठ्यांना ती गोष्ट ठाऊक आहे आणि लहानांना त्यांनी सांगितली आहे. मीही हसले, आणि मग बोलता आलं. म्हटलं, "आजपासून अर्धा गिलास. मिरगापर्यंत पुरवाचं हाय."

एकजण म्हणाला, "बाई, ते कुलूप आत काऊन ठेवलं?"

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, की तुला विचारलं होतं आणि तू थट्टा करून टाळलं होतंस, मला माहीत नाही. मी त्यांना खाली बसवलं. मायचं सांगितलं, विहिरीपासून दूर बसलेल्या मायचं, तिच्या ओंजळीचं. ज्यांच्या घरी त्या वेळी वरून ओतत होते त्यांचीही नातवंडं समोर बसली होती. मी कोणाकडे बोट केलं नाही आणि काही सोडलंही नाही. मग छोटीचं सांगितलं. चावी पदराच्या गाठीतून काढून दाखवली. ती हातोहात फिरली आणि परत माझ्याकडे आली.

पहिलीतली एक पोरगी म्हणाली, "मंग भांडनात कोन जितलं? आपा का तुमी?"

मी म्हटलं, "मले नाई मालूम, माय."

मग सगळ्यांनी अर्धा अर्धा गिलास पाणी घेतलं. एक थेंब सांडला नाही. हे तुला मुद्दाम सांगते.

दुपारी बालवाडी सुटली. मी गंज राखेनं घासला, फडक्यानं पुसला, चूल विझवली आणि टांक्याजवळ जाऊन बसले. फळीशेजारी खडकाला थोडा खळगा आहे, तुझ्या बसण्यानं झाला की आधीपासून होता, देव जाणे. तिथे बरं बसता येतं. ऊन मात्र फार लागतं, आपा. तू कसं काढलंस.

थोड्या वेळानं कमली आली. घरून जेवून आली होती. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, काऊन बसून राह्यल्या उन्हात?"

मी म्हटलं, "हवा खाऊन राह्यली."

ती म्हणाली, "सरका थोडं." आणि माझ्याजवळ बसली.